ओरिनोकोची माती, पिंपरीची माती आणि आपली काळी

२०२१ च्या मे महिन्यात मराठवाड्यात एका इंजेक्शनचं नाव घरोघरी पाठ झालं होतं: अँफोटेरिसिन-बी. म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन एका मेडिकलवरून दुसऱ्या मेडिकलवर हिंडत होते. औषध मात्र नवं नव्हतंच. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीत मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस या जिवाणूपासून ते १९५० च्या दशकात हाती आलं.

तेव्हापासून आतापर्यंत बुरशीवर फारसं नवं औषध का सापडलं नाही? जिवाणूची पेशी आपल्यापेक्षा फार वेगळी, म्हणून त्याला मारणारं औषध माणसाला सहसा सोसतं. बुरशी मात्र पेशीच्या रचनेत आपल्या भावकीतली. तिच्या पेशीपटलात, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पडद्यात, एर्गोस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ, आपल्यात कोलेस्टेरॉल. अँफोटेरिसिनचा सगळा डाव या फरकावर. तोही पुरता साधत नाही, म्हणून मूत्रपिंडाला झळ बसते.

अँफोटेरिसिनच्याही आधी १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध मिळवलं होतं. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला. नमुने टपालानं जायचे-यायचे.

यात महाराष्ट्रही होता, हे आपण विसरलो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६० च्या दशकात थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ते बनवणाऱ्या जिवाणूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिनही तिथलंच. पुढे जगभर मातीतून तीच ती रसायनं पुन्हा हाती येऊ लागली आणि कंपन्यांचा रस आटला. आता आधी जिवाणूंची जनुकं वाचतात. चीनमधल्या संशोधकांनी २०२५ मध्ये जाहीर केलेलं मँडिमायसिन हे बुरशीविरोधी रसायन असंच मिळालं. ते एर्गोस्टेरॉलऐवजी पटलातल्या फॉस्फोलिपिड या दुसऱ्या स्निग्ध रेणूंना धरतं.

मराठवाड्याच्या दृष्टीनं पाहिलं तर स्ट्रेप्टोमायसिसला उदासीन ते किंचित विम्ल जमीन मानवते, आणि आपली काळी बहुतेक ठिकाणी तशीच. तुरीला मर लावणारी फ्युजेरियम ही बुरशीही याच जमिनीत राहते. तिला रोखणारा जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत सापडणं ही पहिली पायरी, आणि माझ्या मते त्यातल्या त्यात सोपी. खरा वेळ जातो तो पुढे: रसायन वेगळं काढणं, ते जुनंच तर नाही ना हे पडताळणं, माणसाला आणि जनावराला सोसतं का ते बघणं, आणि वावरात ते टिकतं का हे हंगामामागून हंगाम तपासणं.