कबरीच्या दगडाचा मजकूर देण्याआधी एवढं वाचा

घरात दुःख असताना दगडाचा मजकूर पाठवायचं काम बहुधा धाकट्या मुलाकडे नाहीतर जावयाकडे येतं. पेपरातल्या निधनवार्तेचा फोटो काढून ते आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करतात. आणि त्या बातमीत नावाआधी ‘कै.’ असतं.

आम्ही ख्रिस्ती कबरींचे दगड कोरतो, आणि आमचं काम इथंच अडतं. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, शंकराच्या कैलासाला गेलेला. मराठीत ते इतकं अंगवळणी पडलंय की कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याही आलं नव्हतं. धंद्याच्या सुरुवातीला एका दगडावर आम्ही वर क्रूस, खाली बायबलचं वचन आणि मध्ये ‘कै.’ कोरून मोकळे झालो. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि नुसतं आमच्याकडे पाहिलं. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवरचं खोल कोरलेलं अक्षर खोडता येत नाही. घासलं तर तेवढाच भाग फिका दिसतो. दगड नवा घ्यावा लागला, तोही आमच्या खर्चानं.

तेव्हा ‘ख्रिस्तवासी’ लिहा, किंवा ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’. आम्हाला दुसरं जास्त आवडतं. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशूनं शिष्यांना सांगितलं की तो झोपलाय, मी त्याला उठवायला जातोय. आत्मा कुठेतरी पोहोचला एवढ्यावर आपली श्रद्धा थांबत नाही. देहाचं पुनरुत्थान होईल हे आपण विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेतल्या श्रद्धेच्या कबुलीत, म्हणतोच. जुन्या कबरींत पाय पूर्वेला असतात तेही त्यामुळेच: प्रभू येईल तेव्हा उठणाऱ्याचं तोंड तिकडे असावं. दगड उशाशी बसतो, म्हणजे पश्चिमेला.

‘आत्म्यास चिरशांती लाभो’ कॅथलिक कुटुंबांना चालतं. ते मृतांसाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबरला त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासनाही असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र बरेच पाळक हरकत घेतात. आम्ही यात पडत नाही, पण छिन्नी लावण्याआधी कागदावरच्या नमुन्यावर पाळकांची किंवा फादरांची सही मागतो. “पैसे आमचे, सही त्यांची कशाला?” असं विचारणारे असतात. कारण एवढंच, की हरकत येते ती दगड बसवल्यावर.

वचनाचा क्रमांक पवित्र शास्त्र उघडून तपासा. पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे १ योहान ४:१८. ‘योहान’च्या आधीचा ‘१’ गळला की योहानाच्या शुभवर्तमानातलं ४:१८ होतं, आणि तिथं शोमरोनी बाईच्या पाच नवऱ्यांचा विषय चाललाय. हे आईच्या कबरीवर नको.

दहन केलं असेल तरी दगड करता येतो. कॅथलिक चर्चनं १९६३ मध्ये दहनाला मोकळीक दिली. २०१६ च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार रक्षा विखरायची नसते, ती पवित्र जागी ठेवायची असते. त्यासाठी लहान पाटी आम्ही बनवतो.

राहिली घाई. नव्या कबरीची माती एक पावसाळा गेल्याशिवाय नीट बसत नाही. आधी दगड लावला तर तो कलतो, आणि फोन आम्हालाच येतो. तोवर नावाचा सागवानी क्रूस लावून देतो. त्याचे पैसे दगडाच्या बिलातून वजा होतात.