जनरल थिमय्या 1948 ला लष्करप्रमुख नव्हतेच

व्हॉट्सअपवर फिरणारा मेसेज असा की 1948 ला लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी काश्मीरचं युद्ध जिंकून दिलं आणि नेहरू, कृष्ण मेनन यांनी अपमान केला म्हणून त्यांनी लगेच राजीनामा दिला. तारखाच जुळत नाहीत हो! तेव्हा थिमय्या मेजर जनरल होते, काश्मिरातल्या डिव्हिजनचे कमांडर, आणि पराक्रम खराच, नोव्हेंबर 1948 मध्ये झोजिला खिंडीत एवढ्या उंचीवर रणगाडे चढवले, शत्रूला स्वप्नातही वाटलं नसेल. पण लष्करप्रमुख होते ब्रिटिश जनरल बुचर, संरक्षणमंत्री बलदेव सिंग, आणि मेनन तर लंडनला हायकमिशनर.

थिमय्या प्रमुख झाले मे 1957 ला. तोवर संरक्षणमंत्री झालेल्या मेननशी वाजलं ते नंतर, बढत्यांमधली ढवळाढवळ वगैरेवरून, आणि राजीनामा दिला 1959 ला. म्हणजे भांडण खोटं नाही, फक्त अकरा वर्षं मागे ढकललंय. नेहरूंनी समजूत काढल्यावर तो मागेही घेतला (संसदेत नेहरूंनी वर त्यांनाच बोल लावला, ते मला तरी पटत नाही) आणि मे 1961 ला टर्म पूर्ण करूनच रिटायर झाले. त्यामुळे 1962 च्या चीन युद्धात तेच प्रमुख होते असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक, तेव्हा जनरल थापर होते.