वाळूतून वर येणारी सोंड

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरात दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. समुद्र राहिला चोर्ला घाटाच्या खाली. म्हणून नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं, त्यात समुद्री मीठ विरघळवायचं आणि खारटपणा लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास आणायचा.

दिवसा तळाची वाळू ओस दिसते. कोळंबीचा नखाएवढा तुकडा टाका आणि जरा थांबा. एका जागी वाळू फुगते. तिथून बारीक सोंड वर येते, इकडेतिकडे वळते आणि पाठोपाठ शंखासकट गोगलगाय बाहेर पडते. मग दुसरी, तिसरी, चौथी. ही नॅसॅरियस. सोंडेतून ती पाणी आत ओढते आणि आतला एक अवयव त्यातला वास ओळखतो. तिची सगळी भिस्त वासावर. काचेवरच्या शेवाळाकडे ती ढुंकूनही बघत नाही, तिला मेलेलं मांस हवं. शेवाळ खरवडते ती टर्बो गोगलगाय, तिच्या जिभेवर किसणीसारखे दात असतात. खडकांच्या फटी शंखातले खेकडे बघतात. त्यांच्यासाठी थोडे मोठे रिकामे शंख टाकीत ठेवाच, नाहीतर ते गोगलगायीला मारून तिचं घर बळकावतात.

मात्र यांनी खाल्लं म्हणजे घाण संपली, असं होत नाही. कुजणाऱ्या मांसातून अमोनिया सुटतो, तसा तो गोगलगायीच्या उत्सर्जनातूनही सुटतोच. खरं काम पुढे खडकांवरचे जिवाणू करतात: अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. ते नायट्रेट पाण्यात साठत जातं, म्हणून दर रविवारी बादलीभर पाणी बदलावंच लागतं. आणि सफाईवाले जास्त झाले, तर तेच उपाशी मरून पाणी नासवतात.

गेल्या पावसाळ्यात माशांवर पांढरे ठिपके आले. दुकानातून मिळालेलं औषध मी सरळ टाकीत ओतलं. त्यात तांबं होतं. मासे वाचले, पण गोगलगायी वाळूवर निपचित पडल्या. फार वाईट वाटलं. गोगलगाय आणि खेकड्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोसायनिनमध्ये तांबंच असतं. पण ते प्रथिनात बांधलेलं. पाण्यात विरघळलेलं तांबं कल्ल्यांतून शिरतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल मोडतं. आजारी मासा वेगळ्या टाकीतच ठेवावा, हे तेव्हा उमगलं. खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात, त्यामुळे दोन्ही बदलावे लागले.

समुद्री काकडीही वाळू गिळून साफ करते, पण ती कोणी विकायला आणली तरी घेऊ नका. 2001 पासून तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

परवा नव्या सहा नॅसॅरियस आणल्या. यांच्या अंगातल्या पाण्याचा खारटपणा बाहेरच्या पाण्याप्रमाणे बदलतो, म्हणून पिशवीत तासभर टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत बसलो. मग एकेक तळाशी ठेवली. पहिली लगेच वाळूत शिरली, वर राहिलं फक्त सोंडेचं टोक.