गुजरांवाल्यातलं महाराजांचं घर

लाहोरहून जी. टी. रोडने उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर गुजरांवाला लागतं. जुन्या बाजारपेठेतल्या गर्दीत तिथे महाराजा रणजितसिंहांची हवेली उभी आहे. लाहोरचा किल्ला आणि शीशमहाल बघून इथे येणाऱ्याचा थोडा विरस होतोच. साधं विटांचं बांधकाम, आणि शेजारी दुकानांची रेटारेटी. ‘शेर-ए-पंजाब’ एवढ्याशा घरातला?

हो, कारण ते राजाचं घर नव्हतंच. अठराव्या शतकात पंजाबात शिखांचं एकसंध राज्य नव्हतं. होत्या त्या मिसली. एकेका सरदाराच्या मागे चालणारी घोडदळाची पथकं आणि त्यांच्या ताब्यातला मुलूख म्हणजे मिसल. अशा साधारण बारा मिसलींपैकी सुकरचकिया ही एक. रणजितसिंहांचे आजोबा चढतसिंह यांनी गुजरांवाल्यात गढी बांधली. पानिपत झालं त्याच १७६१ साली अब्दालीचा लाहोरचा सुभेदार ख्वाजा उबेद या गढीवर चालून आला आणि मार खाऊन पळाला. पानिपतानंतर उत्तरेत पोकळी निर्माण झाली, हे आपण शाळेत शिकतो. पंजाबात ती कोणी भरली, हे तिथे क्वचितच सांगितलं जातं. फेब्रुवारी १७६२ मध्ये अब्दालीने सूड उगवला. हजारो शिखांची कत्तल झाली, तो ‘वड्डा घल्लूघारा’. दर दोन-चार वर्षांनी अशी स्वारी येणार हे ठाऊक असताना महाल कोण बांधणार? घोडा आणि तलवार आधी, घर नंतर.

नोव्हेंबर १७८० मधला रणजितसिंहांचा जन्मही वादातून सुटलेला नाही. आई राज कौर जिंदच्या घराण्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, या रिवाजाच्या आधारे काही जण संगरूरजवळच्या बडरुखाँला जन्मस्थळ मानतात. बालपण गुजरांवाल्यात गेलं, याबद्दल मात्र वाद नाही. लहानपणीच देवीच्या आजारात डावा डोळा गेला. रीतसर शिक्षण झालंच नाही. वडील महासिंह वारले तेव्हा मुलगा जेमतेम दहा-बारा वर्षांचा होता. मिसलीचा कारभार आईने आणि पुढे सासू सदा कौर यांनी सांभाळला. सदा कौर स्वतः कन्हैया मिसलीच्या प्रमुख होत्या. जुलै १७९९ मध्ये लाहोर घेतलं, तेव्हा त्यांचं सैन्य जावयासोबत होतं. रणजितसिंहांच्या चढतीचं श्रेय वाटायचं तर सदा कौर यांना नेहमी मिळतो त्याहून मोठा वाटा द्यायला हवा.

राजधानी लाहोरला गेली आणि गुजरांवाला मागे पडलं. पुढे ते सरदार हरिसिंह नलवांच्या जहागिरीत आलं. नलवांचा जन्मही इथलाच. महाराजांचा बांधकामावरचा खर्च झाला तो अमृतसरच्या हरमंदिरावर, आणि १८३० च्या दशकात थेट आपल्या नांदेडला, हुजूर साहिबवर.

१९४७ नंतर गुजरांवाल्यातले शीख भारतात आले. हवेलीत काही काळ पोलीस ठाणं होतं. ऑगस्ट २०२२ च्या पावसात तिचा काही भाग कोसळला, तेव्हा बातमी झाली. आत जाता येईल की नाही, याची चौकशी आधीच करावी. गावात महासिंहांची समाधीही आहे, शेरांवाला बागेत. हवेलीपर्यंत गेलेल्याने तीही बघून यावी.