गाडी ओढून नेणे

गाडी ओढून नेणे म्हणजे हप्ते थकले की ज्या वस्तूवर कर्ज काढलंय ती वस्तूच फायनान्स कंपनीने किंवा बँकेने ताब्यात घेणं. कागदावर याला ताबा घेणे म्हणतात, वसुलीवाले सीझिंग म्हणतात, गावात मात्र सरळ "ट्रॅक्टर ओढून नेला" असंच बोलतात. मराठवाड्यात हा विषय निघाला की आधी ट्रॅक्टरच डोळ्यासमोर येतो, मग मोटरसायकल, टेम्पो वगैरे. आठही जिल्ह्यांत शेती बहुतेक पावसावरची, पैसा हातात येतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर नाहीतर ऊस वाहतुकीतून, म्हणून ट्रॅक्टरचा हप्ता बऱ्याच ठिकाणी सहामाही ठेवतात आणि एक हंगाम हातचा गेला की एकदमच मोठी रक्कम अंगावर येते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा सालात हप्ता कुठून भरणार?

ट्रॅक्टर आपल्या दारात उभा असतो, आरसी बुकावर नाव आपलंच असतं, पण त्याच आरसीवर फायनान्सचंही नाव चढवलेलं असतं (मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५१). लोक या नोंदीला एचपी म्हणतात, म्हणजे गाडीवरचा कर्जाचा बोजा. शोरूममध्ये घाईघाईत ज्या पंचवीस-तीस सह्या घेतात त्यातच हप्ता थकल्यावर गाडी नेण्याचा हक्क लिहून दिलेला असतो, त्यामुळं "कंपनीला हक्कच नाही" हे म्हणणं सहसा टिकत नाही. टिकतो तो प्रश्न नेण्याच्या पद्धतीचा. गुंड पाठवून वसुली करता येणार नाही हे सुप्रीम कोर्टाने २००७ सालीच प्रकाश कौर प्रकरणात सांगितलंय, आणि रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणं थकलेल्या हप्त्यासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायलासुद्धा मनाई आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात एका फायनान्स कंपनीचे वसुलीवाले ट्रॅक्टर नेताना एक गरोदर मुलगी चाकाखाली आली आणि गेली, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला बाहेरच्या एजन्सीकडून वसुली करायला काही महिने बंदी घातली. तरी आपल्याकडं अजूनही रस्त्यात गाडी आडवून चावी काढून घेतात. अशा वेळी आलेल्या माणसाचं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागायचं, मारहाण किंवा शिवीगाळ झाली तर ठाण्यात तक्रार द्यायची.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते यादीच्या कागदावर. गाडी नेताना टायर, बॅटरी, टूलबॉक्स, मीटरवरचे तास असं सगळं लिहून सही घेतात. आमच्या गावात एकाचं हेड (म्हणजे खुद्द ट्रॅक्टर) नेलं तेव्हा तो बिचारा लाजेनं घराबाहेरच आला नाही, सही पोराने केली, आणि यादीत बॅटरीपुढं "नाही" लिहिलेलं, बॅटरी तर दोन महिन्यांपूर्वीच नवी टाकलेली, पावती कपाटात तशीच. मागं जोडलेली ट्रॉली आणि रोटाव्हेटरही तसाच गेला, त्यांच्यावर कर्जच नव्हतं, ते सोडवून ठेवता आलं असतं. म्हणून जवळ उभं राहून, मोबाईलवर फोटो काढून, वाचूनच सही करायची आणि एक प्रत मागून घ्यायची.

नंतर गाडी यार्डात जाते, थकबाकी भरायची नोटीस येते, नाही भरली तर लिलाव. लिलावात कर्जापेक्षा जास्त पैसे आले तर वरचे आपले, कमी आले तर उरलेल्या रकमेसाठी कंपनी आपल्या आणि जामीनदाराच्या मागं लागते, ट्रॅक्टर जाऊनही कर्ज शिल्लक राहतं ते असं.

घर तारण असलं तर रस्ता वेगळा. कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यात आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, आणि त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, आपल्या भागासाठी ते छत्रपती संभाजीनगरलाच आहे. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. सहकारी संस्थेची वसुली मात्र १९६० च्या सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावर चालते, तिथं जमिनीपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जप्ती आली तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० कामाला येतं, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याची अवजारं, जनावरं, बियाणं, बाईचं मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही. पण स्वतः सही करून तारण दिलेल्या ट्रॅक्टरला हा बचाव धरून चालू नये. सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो, बेकायदा सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत देण्याचा आदेश तिथूनच होतो.

तडजोड करून, थोडी सूट घेऊन कर्ज मिटवलं तरी आरसीवरचा एचपी आपोआप उतरत नाही. फायनान्सकडून एनओसी आणि त्यांची सही असलेला फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडं अर्ज करावा लागतो, नाहीतर पुढं ट्रॅक्टर विकायला काढला की गिऱ्हाईक आरसी बघूनच माघारी जातं.