टेंडर भरण्याआधी: पॅन, जीएसटी, उद्यम, डोंगल यांची नावं जुळताहेत का?

भुसावळ रेल्वे विभागाला माल पुरवायचा असो, नंदुरबार जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्यांची दुरुस्ती घ्यायची असो की वरणगावच्या आयुध निर्माणीचं एखादं काम असो, ‘सरकारी पुरवठादार क्रमांक’ असा सगळीकडे चालणारा एकच नंबर आपल्याकडे मिळत नाही. चार-पाच वेगवेगळे नंबर लागतात आणि ते सगळे पॅनला बांधलेले असतात. त्यामुळे पॅनवरच्या नावात घोळ असेल तर तो पुढच्या प्रत्येक कागदावर जातो, आणि टेक्निकल लिफाफा (दर बघण्याआधी तपासायच्या कागदपत्रांचा भाग) उघडल्यावर बाद व्हायला तेवढं पुरतं.

पॅन १० अक्षर-अंकांचा असतो. चौथं अक्षर मालकीचा प्रकार सांगतं: व्यक्तीसाठी पी, भागीदारी फर्मसाठी एफ, कंपनीसाठी सी. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. म्हणून पाटलांच्या पॅनमध्ये चौथं-पाचवं ‘पीपी’ दिसतं. एकट्या मालकाच्या दुकानाला किंवा कारखान्याला वेगळा पॅन नसतो, मालकाचाच चालतो. दुकानाचं नाव जीएसटीत ‘ट्रेड नेम’ म्हणून येतं, कायदेशीर नाव मात्र पॅनवरूनच उचललं जातं. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पॅनवर नुसतं आद्याक्षर आणि बँक पासबुकात आडनाव आधी, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन, त्यानंतरच जीएसटीचा अर्ज. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागेल.

वडिलांच्या नावची मालकी मोडून मुलांसोबत भागीदारी करायची असेल तर आधी विचार करा. पॅन बदलला की जीएसटी नंबर, उद्यम (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि टेंडरच्या पोर्टलवरची नोंदणी, सगळंच नवं. जुन्या कामांचे पूर्णत्वाचे दाखले जुन्या नावावर राहतात आणि नव्या फर्मला ते आपोआप लागू होत नाहीत. ज्या टेंडरला तीन वर्षांचा अनुभव हवा, तिथे नेमकं इथेच घोडं अडतं.

जीएसटी क्रमांक १५ अंकी. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मग पॅनचे १०, त्यानंतर त्या पॅनवरची राज्यातली कितवी नोंदणी ते, मग झेड आणि शेवटी तपासणीचं चिन्ह. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्हींसाठी एकच नंबर चालतो; दुसऱ्या तालुक्यातलं गोदाम ‘अतिरिक्त जागा’ म्हणून जोडायचं. पण गोदाम बऱ्हाणपूरला असेल तर मध्य प्रदेशाचा २३ आणि सुरतेला असेल तर गुजरातचा २४, अशी वेगळी नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल फक्त मालाची असेल तर ४० लाखांपर्यंत आणि सेवांची असेल तर २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. बांधकामाचा ठेका सेवेत मोडतो, हे अनेकांना उशिरा कळतं. मर्यादेच्या आत असलात तरी टेंडरमध्ये नंबर मागतातच, तेव्हा स्वेच्छेने घेऊन ठेवा.

अर्जाला पॅन, आधार, फोटो, बँक खात्याचा पुरावा आणि जागेचा पुरावा लागतो. अर्ज अडकतो तो बहुधा जागेवरून. गावात घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. तिथे लाइट बिल किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि सोबत मालकाचं संमतीपत्र जोडा. बिलावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षरशः एक ठेवा.

उद्यम नोंदणी फुकट आहे. ‘जीओव्ही डॉट इन’ असलेल्या सरकारी साइटवर आधारच्या ओटीपीवर ती होते. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट फी मागतात, तिकडे फिरकू नका. जुनं उद्योग आधार ३० जून २०२२ नंतर चालत नाही. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. केंद्र सरकारच्या खरेदीत सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाणा रकमेतून (टेंडर भरताना ठेवायच्या अनामतीतून) सूट मिळते. पण ती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना. नुसता घेऊन विकणारा व्यापारी उद्यम काढू शकतो, ही सूट मात्र त्याला नाही. बांधकामाचे ठेकेही या धोरणात बसत नाहीत. उद्यम प्रमाणपत्र लावून बयाणा न भरता बांधकामाचं टेंडर टाकणं म्हणजे स्वतःहून बाद होणं. काम मिळाल्यावर भरायच्या सुरक्षा ठेवीलाही ही माफी धरू नका. राज्याच्या खात्यांसाठी त्या त्या टेंडरमधली अट वाचा.

नोंदणी कुठे करायची ते ग्राहकावर ठरतं. जिल्हा परिषद, महापालिका, सार्वजनिक बांधकाम, तापी पाटबंधारे यांच्यासाठी राज्याचं महाटेंडर्स पोर्टल, रेल्वेसाठी तिचं आयआरईपीएस पोर्टल, तयार माल आणि सेवांसाठी जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल. जेमवर मुख्य खातं मालक, भागीदार किंवा संचालकाच्याच नावाने उघडा, कामगाराच्या नावाने नको.

महाटेंडर्स आणि आयआरईपीएसला डिजिटल सही, म्हणजे आपला डोंगल लागतो. क्लास ३ची, सही आणि एन्क्रिप्शन (फाइल कुलूपबंद करणं) दोन्ही असलेली घ्या. क्लास २ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. महाटेंडर्सवर लॉगिन आयडी म्हणजे तुमचा ई-मेल. तो सायबरवाल्याचा दिला तर पुढची प्रत्येक सूचना, शुद्धिपत्रक आणि त्रुटीची विचारणा त्याच्याकडे जाईल. आणि एकदा एका खात्याला जोडलेली डिजिटल सही दुसऱ्या खात्याला जोडता येत नाही. एजंटने घाईत चुकीच्या खात्याला जोडली, की नवी विकत घ्या. डोंगल आणि पासवर्ड घरीच ठेवा. ती तुमची सही आहे, दुकानाची किल्ली नव्हे.

टेंडर भरताना बीओक्यूच्या (दर भरायच्या तक्त्याच्या) एक्सेल फाइलचं नाव बदलू नका, बदललं तर पोर्टल ती घेत नाही. कागद १०० डीपीआयवर काळे-पांढरे स्कॅन केले की फाइल हलकी राहते. बयाणा एनईएफटीने भरत असाल तर कामाचे एक-दोन दिवस हाताशी ठेवा. शेवटी ‘फ्रीझ’चं बटण दाबल्याशिवाय टेंडर सादर होत नाही. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरली जाते, तुमच्या मोबाइलची नाही.

बांधकामाच्या ठेक्याला ठेकेदार नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याचा वर्ग वेगळा लागतो. कामाची रक्कम आपल्या वर्गात बसते का आणि मुदत शिल्लक आहे का, ते फी भरण्याआधी बघा. व्यवसाय कराचे दोन नंबर असतात: मालकाचा पीटीईसी ९९ ने सुरू होतो, कामगारांच्या कपातीचा पीटीआरसी २७ ने, टेंडरमध्ये कोणता मागितलाय ते नीट वाचा. १० कामगारांपासून ईएसआय (कामगार विमा) आणि २० पासून भविष्य निर्वाह निधी लागू होतो, पण मनुष्यबळ पुरवठ्याच्या टेंडरमध्ये माणसं कमी असली तरी दोन्ही कोड मागतात.

बिल निघताना अडीच लाखांवरच्या करारात सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस (बिलातूनच होणारी करकपात) कापतं. ती रक्कम तुम्ही दिलेल्या जीएसटी नंबरवर जमा होते. जुन्या फर्मचा नंबर दिला असेल तर तिकडे जाईल. बरोबर नंबरवर आली तरी पोर्टलवर स्वीकृती दिल्याशिवाय ती कॅश लेजरमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात) दिसत नाही.