कंडेन्सेट ट्रॅप

घर तापवणाऱ्या संघनक बॉयलरमध्ये ज्वलनवायूंपासून तयार होणारे आम्लधर्मी पाणी बाहेर जाऊ देणारा, पण त्याच वाटेने ते वायू घरात शिरू न देणारा पाण्याचा बंध. आपल्याकडच्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप याच तत्त्वावर चालतो. तिथे साचलेले पाणी गटाराचा वास अडवते, इथे धूर. ‘जलबंध’ हा मराठी शब्द सुचवता येईल. पण कामगारांच्या तोंडी ‘ट्रॅप’च असल्याने येथे तोच वापरला आहे.

मिथेन जळताना पाण्याची वाफ होते. १ किग्रॅ. मिथेनपासून सु. २.२५ किग्रॅ. पाणी बनते. जुन्या बॉयलरमध्ये ही वाफ धुराड्यातून निघून जाई. संघनक बॉयलरमध्ये घरभर फिरून परतणारे पाणी पुरेसे थंड, म्हणजे नैसर्गिक वायूच्या बाबतीत साधारण ५५° से.च्या खाली असले, की उष्णता विनिमयकात, म्हणजे धुराची उष्णता फिरत्या पाण्याला देणाऱ्या भागात, वाफेचे पाणी होते आणि तिची सुप्त उष्णता घराला मिळते. या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजनाची ऑक्साइडे विरघळतात. त्यामुळे त्याचा पीएच साधारण ३ ते ५ असतो. तांब्याची नळी ते कालांतराने खाते, म्हणून निचऱ्याची नळी प्लॅस्टिकची घालतात.

ट्रॅपच्या वाकड्या किंवा पेल्यासारख्या भागात पाणी कायम उभे राहते. ब्रिटिश प्रथेत त्याची खोली निदान ७५ मिमी. धरतात. एवढा स्तंभ सु. ७३५ पास्कल दाब पेलतो. बॉयलरचा पंखा चालू झाला की एका बाजूची पातळी खाली जाते, दुसरीकडची तेवढीच चढते. पंख्याचा दाब स्तंभाच्या क्षमतेहून कमी असेपर्यंत बंध तुटत नाही. वरून थेंब पडत राहतात आणि तेवढेच पाणी पलीकडून सांडते. काही ट्रॅपमध्ये वक्रनलिका (सायफन) असते. ती थेंबथेंब न सोडता पाणी साठवते आणि एका दमात रिकामे करते, कारण बाहेरच्या नळीत बारीक धार लवकर गोठते.

या रचनेच्या मुळाविषयी दोन मते आढळतात. एक मत तिचा संबंध कारखान्यांतील स्टीम ट्रॅपशी जोडते. नावातील ‘ट्रॅप’ व ‘कंडेन्सेट’ हे दोन्ही शब्द तिकडेही असल्याने हे मत सहज पटते. परंतु स्टीम ट्रॅप ही उघडझाप करणारी झडप असते. ती पाणी सोडते व कामाची वाफ राखते. घरगुती ट्रॅपमध्ये सहसा कोणताही भाग हलत नाही, पाणी हीच झडप. म्हणून त्याचे कूळ सांडपाण्याच्या जलबंधात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. तो जलबंध लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांच्या १७७५ च्या शौचकूपाच्या पेटंटात दिसतो. लोकप्रिय लेखनात हे श्रेय टॉमस क्रॅपर यांना दिलेले आढळते. पण त्यांचा काळ शंभरेक वर्षांनंतरचा आहे. घरगुती संघनक बॉयलर १९८० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये रुळले, असे सामान्यतः मानतात. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर, काही अपवाद वगळता, संघनक प्रकारचाच बसवावा लागतो.

ट्रॅप हा निचऱ्याचा किरकोळ भाग समजणे धोक्याचे आहे. तो धुराड्याच्या बंदिस्त भिंतीचाच भाग होय. उन्हाळाभर घर बंद राहिले की नहाणी ट्रॅप आटतो आणि दार उघडताच वास येतो. बॉयलरचा ट्रॅप आटला, तर येणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून बॉयलर प्रथम पेटवण्यापूर्वी, तसेच दुरुस्तीसाठी ट्रॅप काढल्यानंतर, त्यात पाणी भरणे अत्यावश्यक आहे.

याउलट तुंबलेला ट्रॅप आवाज देतो. पाणी वर चढून विनिमयकात साचते, गुडगुड ऐकू येते आणि बॉयलर स्वतःला बंद करतो. ॲल्युमिनियमचा विनिमयक असेल, तर उघडलेल्या ट्रॅपच्या तळाशी करडा-पांढरा, वाळूसारखा गाळ मिळतो. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१० च्या कडाक्यात मात्र दोष बहुधा बाहेरच्या गोठलेल्या नळीचा होता. अशा नळीवर कोमट पाणी ओततात. उकळते ओतू नये. नळी बाहेरून न्यावीच लागली, तर ती जाड, आखूड, उतरती व वेष्टन घातलेली ठेवतात.

तेलावर चालणाऱ्या बॉयलरचे पाणी गंधकामुळे अधिक आम्लधर्मी असते. मोठ्या बॉयलरच्या ट्रॅपपुढे चुनखडीच्या खड्यांचे पात्र जोडून आम्लता कमी करतात. खडे झिजत जातात, म्हणून ते वेळोवेळी नवे भरावे लागतात.